अलिबागचा सरखेल

अलिबागहून आलायस का? हा प्रश्न हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकावा लागतो. जर्नल कुणाकडून कॉपी करायचं हे ज्याला माहीत नाही, मेसचं कूपन ज्याने हरवलंय, किंवा प्रॉक्सी कशी लावतात हे जो भर वर्गात मोठ्याने विचारतो, तो आपल्या भाषेत अलिबागहून आलेला असतो. थोडक्यात, अलिबागहून आलेला म्हणजे भोळा, ज्याला कुणीही गंडवावं असा. या म्हणण्यामुळे गावाचा अपमान होतो, अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद तो विनोद.

पण मित्रांनो, एक गंमत बघा. साधारण तीनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या किल्ल्यात बसलेल्या इंग्रजांना कुणी अलिबागहून आलंय असं सांगितलं असतं, तर एकालाही हसू फुटलं नसतं. तटावरच्या तोफा आधी भरल्या गेल्या असत्या. कारण तेव्हा अलिबागहून यायची ती कान्होजी आंग्र्यांची गलबतं.

परीक्षा संपली की आपले निम्मे ग्रुप अलिबागला पळतात. वडखळवरून एसटीने किंवा गेटवेवरून मांडव्याच्या बोटीने. समुद्रात डुंबायचं, मासे खायचे, कुलाब्याच्या किल्ल्यावर फोटो काढायचे आणि परत. किल्ला कुणाचा, असं विचारलं तर शिवाजी महाराजांचा, एवढं उत्तर येतं. ते बरोबरच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे हा लेख.

आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले, असं सांगतात. कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा. वडील तुकोजी महाराजांच्या चाकरीत, हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर. म्हणजे पोर वाढलं तेच समुद्राच्या कडेला. कोळी, भंडारी, खारवी यांच्यात वावरणाऱ्या मुलाला वारा, भरती आणि खडक यांचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही.

सुवर्णदुर्गाची एक हकिकत परंपरेने सांगितली जाते. संभाजी महाराजांनंतरचे ते वाईट दिवस. रायगड पडलेला, राजाराम महाराज जिंजीला गेलेले, कोकणात मोगल आणि जंजिऱ्याचा सिद्दी मोकाट. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर होतोय हे विशी-बाविशीच्या कान्होजींच्या लक्षात आलं. त्यांनी बरोबरीच्या लोकांना हाताशी धरून किल्लेदारालाच कैद केलं आणि किल्ला लढवला. पुढे एका चकमकीत स्वतः सिद्दीच्या हाती सापडले, तिथून निसटले आणि पोहत परत किल्ल्यावर आले म्हणे. यातलं पोहणं किती लांबचं होतं यावर वाद घालता येईल. पण वरून कुणाचा हुकूम येत नसताना, पगाराची शाश्वती नसताना, हा माणूस किल्ला सोडून गेला नाही, हे महत्त्वाचं. सिदोजी गुजर हे तेव्हा मराठी आरमाराचे प्रमुख. त्यांच्या मृत्यूनंतर १६९८ मध्ये आरमार कान्होजींकडे आलं आणि सरखेल हा किताबही. सरखेल म्हणजे आरमारप्रमुख.

किताब मोठा, पण हातात काय? थोडे किल्ले, थोडी जहाजं आणि चारी बाजूंना वैरी. उत्तरेला मुंबईत इंग्रज. वसई, चौल आणि गोव्याला पोर्तुगीज. मधोमध जंजिऱ्याचा सिद्दी. घाटावर मोगल. अशा जागी माणूस एक तर कुणाचा तरी मांडलिक होतो किंवा संपतो. कान्होजी दोन्ही झाले नाहीत. कसे, ते आपल्यासारख्यांनी जरा मेकॅनिक्सच्या अंगाने समजून घेण्यासारखं आहे.

इंग्रजांची जहाजं मोठी, उंच आणि खोल तळाची. तोफा दोन्ही कुशींना ओळीने मांडलेल्या. सगळी कूस एकदम धडाडली की समोरचं जहाज खिळखिळं व्हायचं. या जहाजांशी तसल्याच जहाजांनी लढायचं, तर इंग्रजांएवढा पैसा आणि लाकूड हवं. कान्होजींनी त्या शर्यतीत भागच घेतला नाही. त्यांची मुख्य जहाजं दोन प्रकारची, गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोन काठ्यांची साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद आणि तळ उथळ, त्यामुळे खाडीत आणि खडकांत सहज शिरणारी. तिच्या नाळेवर, म्हणजे नाकावर, समोर रोखलेल्या दोन जड तोफा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही.

आता वारा पडलाय असं समजा. इंग्रजांचं मोठं जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं. गलबतं वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढत आणतात आणि नेमकी त्या जहाजाच्या पिछाडीला नेतात. तिथे इंग्रजांच्या तोफा कमी, कुशीच्या तोफा तिकडे वळत नाहीत. गुराबा नाकावरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि सुकाणू फोडतात. जहाज लंगडं झालं की गलबतांवरचे दोन-तीनशे लोक तलवारी घेऊन वर चढतात. वारा उलटला, डाव फसला, तर सगळे उथळ खाडीत पसार. मोठं जहाज मागे आलं तर रुतणार. समोरच्याचा मजबूत भाग टाळून कमजोर भागावर भार टाकायचा, एवढंच तत्त्व.

पण नुसत्या लढायांनी आरमार चालत नाही, त्याला पैसा लागतो. तो यायचा दस्तकातून. या पाण्यातून व्यापार करायचा असेल तर सरखेलांचं परवानापत्र घ्या, त्याची फी भरा आणि सुखाने जा. परवाना नसेल तर जहाज जप्त. यावरूनच इंग्रजांनी त्यांना चाचा म्हणजे समुद्री लुटारू ठरवलं, आणि इंग्रजी पुस्तकांतून पुढे दोनशे वर्षं तेच छापलं गेलं.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा. परवाना पद्धत ही काही कान्होजींची कल्पना नव्हे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज हेच करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे आणि तो नसलेलं जहाज ते बुडवत किंवा पकडत. इंग्रजही देशी व्यापाऱ्यांना स्वतःचे पास विकत होते. खरं भांडण इथेच होतं. माल सुरतेच्या व्यापाऱ्याचा, जहाज देशी, पण पास आणि निशाण इंग्रजांचं. हे जहाज कुणाचं? इंग्रज म्हणायचे आमचं, हात लावायचा नाही. कान्होजी म्हणायचे कंपनीची जहाजं वेगळी आणि हे वेगळं, इथे आमचा दस्तक हवा. तेव्हा प्रश्न चोरीचा नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात कायदा कुणाचा चालायचा, हा होता. मुंबईच्या गव्हर्नरशी झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजींनी हे बऱ्यापैकी तिरकसपणे सुनावलंय. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

म्हणून ते संत होते असं नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची खासगी सशस्त्र नौकाच पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन आणि त्याची विशीही न गाठलेली बायको कॅथरिन होती. चाऊन तोफेच्या गोळ्याने मेला आणि ती कैद झाली. १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आलं. तह झाला, इंग्रजांची जहाजं सोडून द्यायचं ठरलं. त्या काळच्या युद्धात हे सगळेच करत होते, हे खरं. तरी काही महिने परक्या किल्ल्यात काढणाऱ्या त्या मुलीच्या बाजूने पाहिलं, तर चाचा हा शब्द तिला खोटा वाटला नसणार, हेही खरं. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना दोन्ही गोष्टी एका वेळी मनात ठेवता यायला हव्यात.

याच सुमारास घरातही पेच होता. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंनी आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे याला त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच पकडून कुलाब्यात ठेवलं आणि लोहगड, राजमाचीपर्यंत धडक मारली. आता सातारा फार लांब नव्हता. तेव्हा शाहूंनी १७१३ च्या नोव्हेंबरात नवा पेशवा नेमला, श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ. बाळाजीपंत कोकणातले, सिद्दीचा जाच सोसून घाटावर गेलेले. ते कान्होजींना लोणावळ्याजवळ भेटले आणि लढाईऐवजी बोलणी केली. दहा मोठे किल्ले, सोळा लहान ठिकाणं आणि सरखेलपद कान्होजींकडे कायम. बदल्यात त्यांनी शाहूंना राजा मानलं आणि बहिरोपंतांना सोडलं. मराठी राज्याच्या दृष्टीने ही भेट एखाद्या मोठ्या लढाईएवढी मोलाची होती. घाट आणि किनारा पुन्हा एका बाजूला आले. त्याची किंमत इंग्रजांना आठ वर्षांनी कळली.

१७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. हा माणूस आंग्र्यांच्या पाडावासाठीच आल्यासारखा वागला. त्याने मुंबईभोवती तट बांधून घेतला आणि नवी लढाऊ जहाजं तयार केली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर चाल केली, हात हलवत परत. १७१८ मध्ये खांदेरीवर स्वतः हजर राहून हल्ला केला, पुन्हा तेच. १७२० मध्ये वॉल्टर ब्राउनच्या हाताखाली परत विजयदुर्ग. या वेळी खास सपाट तळाचा, जाड लाकडाचा, अठ्ठेचाळीस पौंडी तोफांचा एक तरंगता तोफखाना बांधून नेला होता. कागदावर डिझाइन उत्तम असणार. प्रत्यक्षात किल्ल्याचं काही वाकडं झालं नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांनी या तोफखान्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

मग बूनने पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातून कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन आलेलाच होता. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून सुमारे सहा हजार माणसं कुलाब्याच्या किल्ल्यावर आली. आज आपण ज्या वाळूत क्रिकेट खेळतो आणि भेळ खातो, त्याच परिसरात.

हा किल्ला बघताना इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघा. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, तो बांधायला घेतला. संभाजी महाराजांच्या काळात काम पुरं झालं. बाहेरच्या तटाला मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेत, सांध्यात चुना नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काम घाईत उरकलंय. पण लाट आपटली की पाणी त्या फटींतून आत शिरतं आणि धक्क्याचा जोर तिथेच मोडतो. सांधे बंद असते तर सगळा भार भिंतीच्या तोंडावर आला असता. साडेतीन शतकं होत आली, तट उभा आहे. आत गोड्या पाण्याचा साठा आहे, म्हणजे वेढा पडला तरी घसा कोरडा पडत नाही. आणि ओहोटीला चालत जाता येणारी वाट भरतीला सहा तासांत गायब. हा खंदक खणायला एक पैसा लागला नाही, आणि तो दिवसातून दोनदा आपोआप भरतो.

त्या वाटेचं गणित आधी सांगून ठेवतो, म्हणजे कुणी अडकणार नाही. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चंद्र रोज थोडा मागे पडतो, तीस तिथींत पूर्ण चोवीस तास. म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. काटेकोर गुणक चार पंचमांश येतो, पण तोंडी हिशेबाला पाऊण सोपा. पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तासांत जायचं आणि नंतरच्या दोन तासांच्या आत परत यायचं. तिथल्या लोकांनाही विचारायचं, कारण समुद्र आपलं गणित तपासून देत नाही.

तर १७२१. किल्ल्यातून कान्होजींच्या लोकांनी हल्ला थोपवून धरला, आणि बाळाजी विश्वनाथांच्या त्या तहाचं फळ आता दिसलं. शाहूंची फौज घाट उतरून आली. पिलाजी जाधव होते आणि एकवीस वर्षांचे नवे पेशवे बाजीरावही. किल्ल्यापुढे तोंड करून उभ्या असलेल्या फौजेच्या अंगावर बाजूने घोडदळ आलं आणि पोर्तुगीजांची फळी कोसळली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराचा भाला घुसला. चिडून त्याने त्या स्वाराचा पाठलाग केला, पिस्तुलं काढली, तर ती भरलेलीच नव्हती. पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून लगेच वेगळा तह करून टाकला. मोहीम संपली. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजं घेऊन विजयदुर्गावर नशीब आजमावलं, तेही तसेच गेले. जंजिरा मात्र कान्होजींनाही कधी घेता आला नाही, हेही नोंदवायला हवं.

लढाया सांगितल्या की चरित्र संपलं असं आपल्याला वाटतं. पण ज्या गावात आपण सुट्टीला जातो ते गावही त्यांचंच. अली नावाच्या एका सधन बेने इस्रायली गृहस्थाच्या बागा आणि विहिरी इथे होत्या, त्यावरून अलिबाग हे नाव पडलं, असं मानतात. कान्होजींनी तिथे पेठ वसवली, किनाऱ्यावर १७२० मध्ये हिराकोट बांधला आणि अलिबागी रुपया नावाचं चांदीचं नाणं चालवलं. ज्याला इंग्रज लुटारू म्हणत होते, त्याने टाकसाळ, बाजार आणि बंदर उभं केलं. लुटारू हे करत बसत नाहीत.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागमध्येच त्यांची समाधी आहे.

यापुढची गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय आधीची नीट समजत नाही. थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये गेला आणि भावाभावांत फूट पडली. कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजीकडे, त्याच्यानंतर तुळाजीकडे. तुळाजी शूर, पण त्याचं आणि पेशव्यांचं पटेना. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आणि बंदरात नांगरलेलं ते सगळं आरमार जळून गेलं. कुलाब्याचं संस्थान उरलं, ते १८४० च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केलं.

बून, मॅथ्यूज, पोर्तुगीज आणि डच यांना जे जमलं नाही, ते आपण आपसांत भांडून इंग्रजांना करून दिलं. तट तोच, खाडी तीच, गुराबाही त्याच बांधणीच्या. १७२१ मध्ये घाटावरून आलेलं घोडदळ किल्ल्याच्या बाजूने आलं, पस्तीस वर्षांनी विरुद्ध बाजूने आलं. फरक फक्त एवढाच होता.

आज कान्होजी कुठे आहेत? खांदेरीच्या दीपगृहाला त्यांचं नाव आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आणि मुंबईच्या फोर्टात, बूनने ज्या किल्ल्यात बसून चार मोहिमा आखल्या त्या बॉम्बे कॅसलच्या जागेत, भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ पासून त्याचं नाव आयएनएस आंग्रे. तिथे सरखेलांचा पुतळा उभा आहे. जिवंतपणी त्यांनी मुंबई घेतली नाही. पण इंग्रज गेल्यावर त्यांच्या किल्ल्यावर नाव लागलं ते याच लुटारूचं.

तेव्हा पुढच्या ट्रिपला बीचवरून निघताना अर्धा तास काढा आणि समाधीवर जाऊन या. गर्दी नसते. तिकीट, सेल्फी पॉइंट असलं काही नाही. फक्त जाताना कचरा करू नका. आणि कुणी विचारलंच, अलिबागहून आलायस का, तर छाती फुगवून बिनधास्त हो म्हणा.